घरात फायरप्लेस आहे? पहिला जाळ घालण्याआधी चिमणीची ओळख करून घ्या

अमेरिकेत पहिलं घर बघायला जाताना आपली यादी ठरलेली असते. शाळा कशी आहे, स्टेशन किती लांब, स्वयंपाकघर प्रशस्त आहे का, तळघरात पाणी येतं का. फायरप्लेस दिसली की आपण खूश होतो आणि पुढच्या खोलीत जातो. तिच्याबद्दल कुणी काही विचारत नाही. मग घर ताब्यात येतं, दिवाळीच्या सुमारास थंडी पडते आणि कुणीतरी दुकानातून लाकडाची मोळी घेऊन येतं. त्या मोळीला काडी लावण्याआधी वाचावा म्हणून हा लेख लिहितो आहे.

जाळ आपल्याला नवा नाही. आजोळची चूल, अंघोळीचा बंब, शेकोटी हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. नवी आहे ती चिमणी. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून जायचा आणि आढ्यावरची काजळी डोळ्यांना दिसायची. इथे धूर लाकडी सांगाड्याच्या घरात, भिंतीआडच्या नळीतून वर जातो आणि जाताना मागे काय चिकटवून गेला ते खाली बसलेल्याला कळत नाही. देखभालीची सगळी धडपड त्या न दिसणाऱ्या थरासाठी आहे. तो थर ब्रशने निघतो हे खरं, पण लाकूड निवडताना आणि जाळ घालताना काळजी घेतली तर तो मुळात साठतच नाही फारसा. म्हणून खाली ब्रशापेक्षा लाकडावर जास्त लिहिलं आहे.

१. आपल्याकडे नेमकं काय आहे ते ओळखा

टॉर्च घेऊन फायरप्लेससमोर बसा आणि आत, वरच्या बाजूला बघा. विटांची पेटी असेल आणि वर मातीच्या भाजलेल्या फरशांचा चौकोनी बोगदा दिसत असेल तर ती बांधीव फायरप्लेस. वर गोल धातूची नळी दिसली आणि आतल्या भिंती विटांसारख्या दिसणाऱ्या पातळ पॅनेलच्या असल्या तर ती कारखान्यात तयार होऊन आलेली. अशा फायरप्लेसच्या तोंडाशी आत कुठेतरी धातूची छोटी पट्टी असते. तिच्यावर कंपनी आणि मॉडेल क्रमांक असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. सुटे भाग त्याच मॉडेलचे लागतात.

समोर कायमची बसवलेली काच असेल, आत नकली ओंडके असतील आणि भिंतीवर बटण किंवा किल्लीचं भोक असेल तर ती गॅसची. तिच्यात लाकूड कधीही जाळायचं नाही. तिची धुराची नळी तेवढ्या उष्णतेसाठी बनवलेलीच नसते. काही जुन्या घरांत लाकडाच्या बांधीव फायरप्लेसमध्ये नंतर गॅसचे ओंडके बसवलेले असतात. तिथे पुन्हा लाकूड जाळायचं मनात असेल तर आधी जाणकाराला दाखवा. ते आपलं आपण ठरवू नये.

बांधीव फायरप्लेसचे भाग एकदा डोक्यात बसले की चिमणीवाल्याचं बोलणं नीट कळतं. जाळ जिथे होतो ती फायरबॉक्स. तिच्या वर लोखंडी झडप असते, तो डॅम्पर. डॅम्परच्या मागे एक खाच असते, तिला स्मोक शेल्फ म्हणतात. वरून पडलेली काजळी, पानं, कधी पक्ष्याचं घरटं तिथे येऊन साठतं. त्यावर निमुळता होत जाणारा स्मोक चेंबर आणि मग सरळ वर जाणारी नळी, म्हणजे फ्लू. फ्लूच्या आतलं अस्तर म्हणजे लायनर, मातीच्या फरशांचं किंवा स्टीलचं. खूप जुन्या घरांत लायनर नसतोच, नुसत्या विटा असतात. अशा चिमणीत लायनर बसवल्याशिवाय जाळ घालू नये.

२. घर घेतल्यावरची पहिली तपासणी

घर घेताना होम इन्स्पेक्टर येऊन गेला म्हणजे चिमणी बघून झाली, असा बहुतेकांचा समज असतो. तो बाहेरून आणि खालून जेवढं दिसतं तेवढंच बघतो. नळीच्या आत कॅमेरा घालणं त्याच्या कामात सहसा बसत नाही.

नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं चिमण्यांसाठी २११ क्रमांकाचं मानक आहे. त्यात तपासणीचे तीन स्तर सांगितले आहेत. दरवर्षीची साधी तपासणी म्हणजे पहिला स्तर. दुसऱ्या स्तरात नळी आतून, बहुतेक वेळा कॅमेरा घालून, वरपासून खालपर्यंत बघतात. माळ्यावरून आणि तळघरातून चिमणीचा जो भाग दिसतो तोही बघतात. घराची विक्री झाली, इंधन किंवा शेगडी बदलली, चिमणीला आग लागून गेली किंवा भूकंपासारखा हादरा बसला, की दुसऱ्या स्तराची तपासणी करावी असं ते मानक सांगतं. तिसऱ्या स्तरात भिंत किंवा चिमणीचा भाग फोडून आत बघावं लागतं; ती वेळ क्वचित येते.

म्हणजे नव्या घरमालकाने फोनवर शब्दच असे वापरायचे: ‘लेव्हल टू इन्स्पेक्शन हवंय, व्हिडिओ आणि लेखी अहवालासकट.’ शक्य असेल तर हे घराचा व्यवहार पूर्ण होण्याआधीच करून घ्या. लायनरला तडे असले तर दुरुस्ती बरीच महाग पडते, आणि तो खर्च किमतीत धरून घेण्याची संधी व्यवहार होईपर्यंतच असते.

माणूस निवडताना चिमनी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकेचं प्रमाणपत्र आहे का, विमा आहे का, हे विचारा. दारात पडणाऱ्या किंवा फोनवर येणाऱ्या अगदी स्वस्त साफसफाईच्या जाहिरातींपासून मात्र सावध राहा. काही लोक नाममात्र पैशांत घरात शिरतात आणि ‘आजच दुरुस्त केलं नाही तर घर जळेल’ असं म्हणून हजारो डॉलरचा अंदाज हातात ठेवतात. आपण नवे असतो, उच्चारावरून ते समोरच्याच्या लक्षात येतं, आणि घरात लहान मुलं असली की भीती लवकर बसते. म्हणून नियम एकच ठेवा: तडा आहे म्हणतोस ना, मग माझ्या चिमणीतला फोटो दाखव. फोटो मिळाला तरी मोठ्या कामाआधी दुसऱ्या माणसाचं मत घ्या. तोवर जाळ न घालता थांबलात तर काहीही बिघडत नाही.

३. आत काय साठतं

लाकूड पूर्ण जळलं तर त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते. अर्धवट जळलं की धुरात डांबरासारख्या पदार्थांची वाफ उरते. नळीच्या थंड भिंतीला लागून धूर साधारण १२० अंश सेल्सियस, म्हणजे २५० अंश फॅरेनहाइटच्या खाली उतरला की ही वाफ तिथेच चिकटते. तिला क्रिओसोट म्हणतात. नुसत्या काजळीत आणि यात फरक हा, की क्रिओसोट स्वतः इंधन आहे.

सुरुवातीला तो भुसभुशीत काळ्या भुकटीसारखा असतो आणि ब्रशने सहज निघतो. पुढे त्याचे चकचकीत, कडक पापुद्रे होतात, ते काढायला फिरती यंत्रं लागतात. त्याहीपुढे तो वितळून नळीला काचेसारखं काळं लुकण चढवतो. ते ब्रशला दाद देत नाही. रसायनं वापरावी लागतात किंवा सरळ लायनर बदलावा लागतो.

बांधीव चिमणीत हा थर १/८ इंच, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर झाला की साफसफाई करायची. कारखान्यात बनलेल्या फायरप्लेसमध्ये तेवढंही थांबू नये. जाळ पूर्ण थंड असताना, गॉगल आणि मास्क लावून डॅम्पर उघडा, टॉर्चच्या उजेडात सळईच्या टोकाने स्मोक चेंबरची भिंत हलकेच खरवडा. ओरखडा किती खोल गेला ते बघा. काळा थर चकचकीत दिसला तर जाडी मोजत बसू नका, त्या हंगामात जाळ बंद आणि चिमणीवाल्याला फोन.

४. लाकूड: अर्धी देखभाल इथेच

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या मानाने प्रचंड पाणी असतं. ते पेटवलं की जाळाची उष्णता आधी पाणी उकळण्यात जाते, जाळ थंड राहतो, धूर वाढतो आणि नळीत क्रिओसोट बसतो. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली हवी, हा एक आकडा पक्का लक्षात ठेवा. ओल मोजायचं छोटं यंत्र, मॉइश्चर मीटर, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं. ते ओंडक्याच्या बाहेरच्या बाजूला टोचू नका, तिथे तो नेहमीच कोरडा दाखवतो. ओंडका फोडा आणि फोडलेल्या ताज्या पृष्ठभागावर टोचा.

यंत्र नसेल तर डोळे आणि कान आहेत. सुकलेलं लाकूड हाताला हलकं लागतं, टोकांना चिरा पडलेल्या असतात, साल सुटत आलेली असते आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो. ओल्याचा आवाज बद्द येतो. जाळात टाकल्यावर टोकांतून फेस आला आणि फुसफुस ऐकू आली तर ते लाकूड ओलं आहे, विकणारा काहीही म्हणाला तरी.

फोडून, रचून ठेवलेलं लाकूड सुकायला किमान सहा महिने ते वर्ष लागतं. ओक असेल तर दोन वर्षंही लागू शकतात. ‘सीझन्ड’ हा शब्द विक्रेते सैलपणे वापरतात, म्हणून ट्रक रिकामा होण्याआधी दोन-चार तुकडे फोडून बघायला संकोच करू नका. भट्टीत सुकवलेलं लाकूड महाग असतं. पण ज्यांच्याकडे रचून ठेवायला जागा नाही आणि वर्षातून थोड्याच वेळा जाळ घालायचा आहे, त्यांच्यासाठी मला तेच योग्य वाटतं. माप ‘कॉर्ड’मध्ये असतं: ४ फूट उंच, ४ फूट खोल, ८ फूट लांब अशी रास, म्हणजे १२८ घनफूट. ‘फेस कॉर्ड’ त्याहून बराच लहान असतो, त्यामुळे भाव विचारताना कोणता ते आधी विचारा.

ओक, मेपल, हिकरी, बर्च, ॲश ही जड लाकडं सावकाश जळतात. पाइनमुळे चिमणी खराब होते असं सर्रास ऐकू येतं. खरा दोष ओलीचा आहे. कोरडा पाइन पेटवणासाठी उत्तम, फक्त भराभर जळून जातो. ओला ओक मात्र चिमणीचं खूप नुकसान करतो आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही.

रास जमिनीवर थेट लावू नका, खाली लाकडी पॅलेट ठेवा. वरून झाका, बाजू उघड्या ठेवा, म्हणजे वारा खेळतो. घराच्या भिंतीला टेकवून रचलीत तर वाळवीला आयतं बोलावणं. आणि लाकूड जवळपासचंच घ्या. पोकोनोजच्या किंवा लेक टाहोच्या सहलीहून परतताना गाडीत भरून आणू नका. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा भुंगा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि तेव्हापासून त्याने ॲशची कोट्यवधी झाडं मारली आहेत. असे किडे सरपणातून एका गावाहून दुसऱ्या गावी जातात.

काय जाळायचं नाही, तेही ठरवून टाका. रंग दिलेलं लाकूड, प्लायवुड, डेकचं जुनं लाकूड चालत नाही. २००३ पर्यंत घरगुती डेकसाठी विकल्या जाणाऱ्या लाकडात आर्सेनिकचं रसायन सर्रास भरलेलं असे. पार्सलचे खोके आणि भेटवस्तूंचे कागद भसकन पेटतात, त्यांचे जळते तुकडे नळीत वर उडतात आणि साठलेल्या थराला आग लावू शकतात. नाताळच्या झाडाचंही तेच. वास्तुशांतीचा होम फायरप्लेसमध्ये करावा असा मोह होतो, पण तुपाच्या आहुतीने जाळ एकदम उसळतो आणि नारळाच्या करवंट्या फार प्रखर जळतात. होमकुंड वेगळं ठेवावं आणि ते अंगणात मोकळ्या हवेत ठेवावं.

५. जाळ घालताना

पेटवण्याआधी तुमच्या भागात त्या दिवशी लाकूड जाळायला परवानगी आहे का ते बघा. सॅन फ्रान्सिस्को बे एरियात हवा खराब असल्याचा ‘स्पेअर द एअर’ इशारा जाहीर झाला की लाकूड जाळायला बंदी असते. सिएटलच्या परिसरातही हिवाळ्यात हवा कोंडली की बंदी लागते.

डॅम्पर पूर्ण उघडा. मग देवघरातली एक उदबत्ती पेटवून फायरबॉक्सच्या तोंडाशी वरच्या कडेला धरा. धूर आत, वरच्या दिशेने ओढला गेला तर चिमणीची ओढ ठीक आहे. तो खोलीत आला तर नळीत थंड हवेचा खांब बसला आहे. वर्तमानपत्राची सुरळी पेटवून डॅम्परजवळ मिनिटभर धरा, नळी गरम होते आणि ओढ सुरू होते. तरीही धूर खोलीत येत असेल तर त्या दिवशी जाळ घालू नका. वर घरटं अडकलेलं असू शकतं.

आपल्या घरांत एक खास अडचण येते. फोडणीचा ठसका जावा म्हणून आपण स्वयंपाकघरात दणकट एक्झॉस्ट बसवून घेतो. नवी घरं इतकी बंदिस्त असतात की तो एक्झॉस्ट सुरू झाला की हवा आत यायला दुसरी वाट उरत नाही, मग ती चिमणीतून खाली येते आणि धूर दिवाणखान्यात. पाहुणे बसलेत, फायरप्लेस पेटलेली आहे आणि आत कुणीतरी पुऱ्या तळतं आहे, अशा वेळी हे हमखास होतं. जाळ असेपर्यंत एक्झॉस्ट, बाथरूमचे पंखे आणि कपड्यांचा ड्रायर बंद ठेवा आणि फायरप्लेसजवळची एक खिडकी इंचभर उघडी ठेवा.

जाळ वरून खाली घाला. जाड ओंडके तळाशी, त्यावर मध्यम तुकडे, त्यावर काटक्या, सगळ्यात वर कागद किंवा ढलप्या, आणि काडी वर लावायची. चुलीच्या सवयीने हे उलटं वाटतं, पण यात धूर सुरुवातीलाच ज्वाळांतून जातो आणि नळी लवकर तापते. एकदा करून बघा. जाळ लहान पण लखलखीत ठेवा. ओंडक्यांचा ढीग घालून तो रात्रभर धुमसत ठेवणं हा चिमणी बिघडवण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. पेट्रोल, रॉकेल, कोळशाच्या शेगडीचं लायटर फ्लुइड यांतलं काहीही कधीही ओतू नका.

समोर जाळी हवी. गालिचा, सोफा, मुलांची खेळणी तीन फूट लांब. जाळ सोडून झोपायला जायचं नाही. आणि डॅम्पर निखारे पूर्ण विझेपर्यंत बंद करायचा नाही, थंडी कितीही आत येवो. ज्वाळा नसल्या तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. घराच्या प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर त्याचा अलार्म असायलाच हवा. अलार्म जुना असेल तर पाठीवरची मुदत बघा, बॅटरी बदलून तो नवा होत नाही.

उघडी फायरप्लेस घर गरम करेल ही अपेक्षा ठेवू नका. समोर बसलेल्याला ऊब मिळते, पण ती खोलीतली तापलेली हवाही वर ओढून नेते. खरोखर लाकडावर घर तापवायचं असेल तर त्याच जागी ईपीएने, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, प्रमाणित केलेला इन्सर्ट (फायरप्लेसच्या पोकळीत बसणारी, काचेचं दार असलेली बंद शेगडी) आणि त्याच्यासाठी स्टीलचा लायनर बसवून घ्यावा लागतो.

६. राख

वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा तीन-चार दिवससुद्धा जिवंत राहू शकतो. राख धातूच्या, घट्ट झाकणाच्या बादलीत काढा आणि बादली घरापासून किमान दहा फूट लांब, दगडावर किंवा मातीवर ठेवा. लाकडी डेकवर नाही, गराजमध्ये नाही, कागदी पिशवीत तर नाहीच. घरातल्या व्हॅक्यूमने राख ओढू नका.

हंगामात तळाशी इंचभर राख राहू द्यायला हरकत नाही, तिच्यावर जाळ चांगला धरतो. हंगाम संपल्यावर मात्र पूर्ण काढा. दमट उन्हाळ्यात ओलसर राख लोखंडाला खाते. पूर्ण थंड झालेली लाकडाची राख बागेत थोडी भुरभुरवता येते. त्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम असतं, आणि ती मातीची आम्लता कमी करते. ब्लूबेरी आणि अझेलियाला म्हणूनच ती घालू नये.

७. चिमणी साफ करणं: आपण किती, त्यांनी किती

फायरबॉक्स झाडणं, जाळी आणि काचेची दारं पुसणं, टॉर्चने बघणं, हे आपलं काम. नळी साफ करण्याचं काम निदान पहिल्या वर्षी तरी जाणकाराकडून करून घ्या आणि तो काम करत असताना जवळ उभं राहून बघा, विचारा.

पुढे स्वतः करायचं ठरवलंत तर क्रम असा. जाळ किमान दोन-तीन दिवस बंद हवा. फ्लूचं माप घ्या आणि त्याच मापाचा ब्रश आणा. मातीच्या लायनरला तारेचा चालतो, स्टीलच्या लायनरला बहुतेक कंपन्या प्लॅस्टिकच्या केसांचा सांगतात. फर्निचर हलवा, फायरप्लेसच्या तोंडावर जाड प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा. लवचीक सळ्या एकमेकींना जोडत ब्रश खालून वर नेता येतो. ड्रिलला जोडायचे फिरते ब्रशही मिळतात. पूर्ण उंची दोन-तीनदा घासून झाली की धूळ बसायला तासभर द्या. मग स्मोक शेल्फवरचा कचरा हाताने काढा, नाहीतर सगळी काजळी तिथेच पडून राहते. नवख्यांकडून नेमकं हेच सुटतं. छतावर चढून वरून ब्रश घालायची पद्धतही आहे, पण उतरत्या छतावर चढायची सवय नसेल तर तो विचार सोडा.

एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, एवढं हवंच. १७७५ मध्ये लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी चिमण्या साफ करणाऱ्यांमधल्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. कामातल्या एखाद्या पदार्थामुळे कर्करोग होतो हे दाखवणारं ते अगदी सुरुवातीचं निरीक्षण. तेव्हा काम झाल्यावर लगेच अंघोळ करा आणि ते कपडे वेगळे धुवा.

‘चिमणी साफ करणारे ओंडके’ म्हणून दुकानात एक वस्तू मिळते. तिच्या धुरातल्या रसायनांमुळे थर कोरडा आणि ठिसूळ होतो, एवढाच तिचा उपयोग. सैल झालेला थर काढायला ब्रश लागतोच, आणि नळीतला तडा ती दाखवत नाही.

हे सगळं कधी करायचं? बहुतेक लोक ऑक्टोबरमध्ये फोन करतात, तेव्हा आठवडेच्या आठवडे वेळ मिळत नाही. मी गुढीपाडव्याच्या सुमारास करा म्हणेन. हंगाम नुकताच संपलेला असतो, चिमणीवाले मोकळे असतात, आणि उन्हाळ्यातल्या दमट हवेत आत राहिलेल्या क्रिओसोटचा जो आंबट, करपट वास घरभर पसरतो तो टळतो. शिवाय एक पक्षी आहे.

चिमनी स्विफ्ट हे छोटे काळपट पक्षी हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढतात आणि वसंतात अमेरिकेच्या पूर्व भागात येऊन उघड्या चिमण्यांच्या आतल्या भिंतीला घरटी करतात. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचं त्यांना संरक्षण आहे. अंडी किंवा पिल्लं असलेलं घरटं काढता येत नाही. एप्रिल संपायच्या आत चिमणी साफ करून वर जाळीची टोपी बसवली तर प्रश्नच येत नाही. उशीर झाला आणि आतून किलबिल ऐकू आली, तर डॅम्पर बंद ठेवा आणि शरद ऋतूत ते दक्षिणेला निघून जाईपर्यंत थांबा. त्यांची संख्या गेल्या काही दशकांत बरीच घटली आहे, एक उन्हाळा वाट बघणं काही जड नाही.

८. चिमणीची बाहेरची बाजू

आगीइतकंच चिमणीचं नुकसान पाणी करतं, फक्त सावकाश. विटांत मुरलेलं पाणी हिवाळ्यात गोठतं, फुगतं आणि विटांचे पापुद्रे काढतं. वर्षातून दोनदा, बर्फ वितळल्यावर आणि पानगळ झाल्यावर, अंगणातून दुर्बिणीने चिमणी बघा. वरची टोपी जागेवर आहे का. तिच्याखालच्या सिमेंटच्या उतरत्या छताला, म्हणजे क्राउनला, तडे आहेत का. विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांध्यांतलं सिमेंट, निघाल्या आहेत का. विटांवर पांढरे क्षारांचे डाग आहेत का. डाग म्हणजे आत पाणी फिरतं आहे. चिमणी छताला जिथे भेटते तिथली पत्र्याची पट्टी उचकटली असेल तर पाणी माळ्यावर उतरतं, आणि लोक महिनोन्‌महिने छताचे शिंगल्स बदलत बसतात. घरातून बघताना डॅम्परवरचा गंज हीच खूण.

दर्जा वेळेत भरून घ्या. विटांवर पाणी अडवणारा लेप लावायचा तर आतली वाफ बाहेर जाऊ देणारा लावा. साधा रंग फासलात तर ओल आत कोंडते. झाडाच्या फांद्या चिमणीपासून लांब छाटून ठेवा. उंचीचा नियमही माहीत असू द्या: चिमणी छतातून जिथे बाहेर पडते तिथून किमान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आतल्या छताच्या कोणत्याही भागापेक्षा किमान दोन फूट उंच. तुमची चिमणी नेहमीच धूर खाली ढकलत असेल आणि शेजारी नंतर वाढवलेला मजला असेल, तर कारण बहुधा हेच.

९. गॅसची असेल तर

राख नाही, क्रिओसोट नाही, म्हणून गॅसच्या फायरप्लेसकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. तिलाही दरवर्षी गॅसचं काम करणाऱ्या तंत्रज्ञाला दाखवावं. बर्नरच्या बारीक भोकांत कोळी जाळं करतात, बर्नर पेटवणारी छोटी ज्योत, म्हणजे पायलट, अशक्त होते, बाहेरच्या भिंतीवरच्या धुराच्या तोंडापुढे झुडूप वाढतं. बर्फ पडला की ते तोंड मोकळं करणं तुमचं काम. नकली ओंडके मनाने हलवू नका. ज्वाळा त्यांना चुकीच्या जागी लागली की काजळी धरते. काच पूर्ण थंड झाल्यावरच आणि फायरप्लेसच्या काचेसाठीच्या क्लीनरनेच पुसा, अमोनियाचा साधा फवारा नको. चालू असताना ही काच इतकी तापते की रांगतं मूल हात टेकवताच क्षणात भाजतं. नव्या फायरप्लेसला समोर संरक्षक जाळी येते, जुनीला मागवून बसवा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा न दाबता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि फोन बाहेरून करा.

१०. चिमणीला आग लागलीच तर

नळीतला क्रिओसोट पेटला की मालगाडी जावी तसा घरघराट ऐकू येतो, वरून ठिणग्या उडतात, कधी भिंत तापते. आत तापमान ११०० अंश सेल्सियसपर्यंत जाऊ शकतं. घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि ९११ ला फोन करा. बाहेर पडता पडता सहज हाताशी असेल तर काचेची दारं लावून हवा तोडा, पण त्यासाठी थांबू नका. पाणी ओतू नका; तापलेलं लायनर तडकतं आणि वाफ अंगावर येते. ज्वाळा आपोआप शांत झाल्या तरी अग्निशमन दलाला येऊ द्या, कारण भिंतीआडचं लाकूड आतल्या आत धुमसत असू शकतं.

काही आगी आवाज न करताच होऊन जातात. स्मोक चेंबरमध्ये फुगलेला, मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र काळा थर दिसला, डॅम्पर वाकडा झाला, फरशांचे तुकडे खाली पडले किंवा छतावर काळे पापुद्रे सापडले, तर आधी आग लागून गेली आहे असंच धरा. दुसऱ्या स्तराची तपासणी होईपर्यंत एकही काडी लावू नका. विमा कंपनीला कळवा. दावा करताना ते देखभालीचे पुरावे मागू शकतात, म्हणून दरवर्षीच्या साफसफाईची पावती, अहवाल आणि कॅमेऱ्याचा व्हिडिओ घराच्या कागदपत्रांबरोबर एका फाइलमध्ये ठेवत जा. घर विकायची वेळ आली की पुढचा मालकही तीच फाइल मागेल.